टाळ्या वाजवणारी माणसं

रोस्टॉक हे बाल्टिक समुद्रावरचं जुनं जर्मन बंदर. तिथल्या लिश्टेनहागेन उपनगरात एक अकरा मजली इमारत आहे. तिच्या बाजूच्या भिंतीवर भलीमोठी सूर्यफुलं काढलेली आहेत, म्हणून लोक तिला सूर्यफुलांचं घर म्हणतात. २४ ऑगस्ट १९९२ च्या रात्री जमावाने या घराला आग लावली. आत शंभराहून अधिक व्हिएतनामी माणसं अडकली होती. त्यांत बायका होत्या, तान्ही मुलं होती. वार्तांकनासाठी आलेलं एका दूरचित्रवाणी वाहिनीचं पथकही त्यांच्याबरोबर सापडलं. पोलीस काही वेळापूर्वीच मागे हटले होते आणि अग्निशामक दलाला जमाव पुढे सरकू देत नव्हता. अडकलेल्यांनी गच्चीच्या वाटेवरची कुलूपबंद दारं फोडली आणि गच्चीवरून शेजारच्या जिन्यात उतरून ते बचावले. कुणी मेलं नाही. याचं श्रेय त्यांच्या हिमतीला आणि नशिबाला. बंदोबस्ताला मुळीच नाही.

दगड आणि पेट्रोल बॉम्ब फेकणारे काहीशे होते. त्यांच्याभोवती उभं राहून बघणारे, घोषणा देणारे आणि टाळ्या वाजवणारे मात्र सुमारे तीन हजार. ही रोज त्याच रस्त्याने ये-जा करणारी शेजारपाजारची माणसं होती. संध्याकाळी कामावरून परतताना ती थांबली. बिअर आणि सॉसेज विकणाऱ्या टपरीचा धंदा जोरात होता. जत्रेला यावं तशी माणसं येत होती.

या प्रकरणात मला दगड फेकणाऱ्यांपेक्षा या तीन हजारांविषयी बोलायचं आहे. वांशिक हिंसेची चर्चा बहुधा हल्लेखोरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्याचं बालपण कसं गेलं, तो दारू प्यायचा का, बेकार होता का, कोणत्या संघटनेत होता, हे सगळं खोदून काढलं जातं. टाळ्या वाजवणारा मात्र घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. त्याची फाइल कुठेही उघडत नाही.

आगीच्या आधी काय घडलं ते बघण्यासारखं आहे. सूर्यफुलांच्या घराच्या एका भागात आश्रयासाठी अर्ज करणाऱ्यांचं नोंदणी केंद्र होतं. त्या उन्हाळ्यात क्षमतेच्या कितीतरी पट माणसं तिथे येऊन थडकली. बहुतेक रुमानियातून आलेली रोमा कुटुंबं. आत जागा नाही, म्हणून ती दिवसचे दिवस इमारतीसमोरच्या हिरवळीवर उघड्यावर झोपायची. नगर प्रशासनाने त्यांच्यासाठी साधी फिरती शौचालयंही ठेवली नाहीत. ठेवली तर या मुक्कामाला आपण मान्यता दिल्यासारखं होईल, असा युक्तिवाद होता. मग व्हायचं तेच झालं. घाण झाली, दुर्गंधी पसरली, रहिवाशांनी तक्रारी केल्या आणि ‘ही माणसंच घाणेरडी’ असा निष्कर्ष निघाला. शौचालय नाकारायचं आणि मग अस्वच्छतेबद्दल नाक मुरडायचं, ही रीत आपल्याला परकी वाटू नये. स्थानिक वृत्तपत्रांत निनावी धमक्या छापून आल्या होत्या: शनिवारी-रविवारी आम्ही इथे साफसफाई करणार. म्हणजे तारीखसुद्धा सगळ्यांना ठाऊक होती.

या घटनेचं सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण म्हणजे बेकारी. १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्या आणि पूर्वेकडचे सरकारी कारखाने विकले गेले किंवा बंद पडले. दोन-तीन वर्षांत पूर्वेतलं औद्योगिक उत्पादन निम्म्याच्याही खाली आलं. जन्मभर एकाच गोदीत किंवा गिरणीत काम केलेली माणसं पन्नाशीत घरी बसली. राग असणार, आणि होताच. हे स्पष्टीकरण खोटं नाही. पण ते अर्धवट आहे, आणि पश्चिमेतल्या जर्मनांना ते फार सोयीचं होतं.

अर्धवट अशासाठी की त्या आगीत अडकलेले व्हिएतनामी तरी कोण होते? कम्युनिस्ट पूर्व जर्मनीने मनुष्यबळ कमी पडतं म्हणून व्हिएतनाम, मोझांबिक, अंगोला आणि क्यूबा या ‘बंधुराष्ट्रां’तून कंत्राटी कामगार आणले होते. १९८९ मध्ये एकट्या व्हिएतनामचेच सुमारे ६० हजार होते. सरकारी भाषणांत आंतरराष्ट्रीय बंधुता दुमदुमत होती; प्रत्यक्षात या कामगारांना वेगळ्या वसतिगृहांत ठेवलं जाई आणि स्थानिक लोकांत त्यांनी मिसळू नये अशीच व्यवस्था असे. कामगार स्त्री गरोदर राहिली तर तिच्यापुढे बराच काळ दोनच पर्याय असत, गर्भपात किंवा मायदेशी रवानगी. कारखाने बंद पडल्यावर नोकरीवरून आधी काढलं गेलं ते यांनाच. बेकारी हेच रागाचं कारण असेल, तर रागावण्याचा पहिला हक्क व्हिएतनामी माणसांचा होता. त्यांनी कुणाचं घर पेटवलं नाही.

बेकारीतून राग येतो हे मान्य. पण तो राग गोदी विकणाऱ्याकडे न जाता शेजारच्या वसतिगृहाकडे कसा वळतो? तो आपोआप वळत नाही. त्याला कुणीतरी वाट करून द्यावी लागते.

लिश्टेनहागेनच्या वर्षभर आधी, सप्टेंबर १९९१ मध्ये, झाक्सेन राज्यातल्या होयर्सवेर्डा गावात अशीच वाट दिली गेली होती. तिथे मोझांबिकी आणि व्हिएतनामी कामगारांच्या आणि आश्रयार्थींच्या वसतिगृहांवर जवळजवळ आठवडाभर हल्ले चालले. शेवटी प्रशासनाने तोडगा काढला, तो म्हणजे हल्ला झालेल्यांनाच बसमध्ये बसवून गावाबाहेर नेण्याचा. बस निघाल्या तेव्हा रस्त्याकडेची माणसं टाळ्या वाजवत होती. नवनाझींनी हे ‘परकीयमुक्त’ झालेलं पहिलं शहर म्हणून मिरवलं. दगड फेकला की सरकार परक्यांना उचलून नेतं, हा धडा देशभरच्या तरुण टोळ्यांनी लक्षात ठेवला. लिश्टेनहागेनमध्येही तेच झालं होतं. आगीच्या आधी रोमा आश्रयार्थींना बसने हलवलं गेलं, आणि जमाव शेजारच्या व्हिएतनामींकडे वळला.

आता पश्चिमेकडे येऊ. नोव्हेंबर १९९२ मध्ये उत्तरेकडच्या मोल्न गावात दोन तुर्की घरांना आग लावण्यात आली. एक आजी आणि दोन मुली जळून मेल्या. हल्लेखोरांनी स्वतःच अग्निशामक दलाला फोन केला आणि शेवटी हिटलरचा जयजयकार केला. मोल्न पूर्वेत नव्हतं, आणि तिथे कुठल्याही ट्रॅक्टरच्या कारखान्याला टाळं लागलं नव्हतं. चान्सलर हेल्मुट कोल मृतांच्या अंत्यविधीला गेले नाहीत. त्यावर विचारल्यावर त्यांच्या प्रवक्त्याने ‘सांत्वन-पर्यटन’ असा शब्द वापरला. जर्मनीत तो अजून विसरला गेलेला नाही.

६ डिसेंबर १९९२. मराठी वाचकाला ही तारीख दुसऱ्याच एका कारणाने पाठ आहे. तो निव्वळ योगायोग. त्या रविवारी संध्याकाळी म्युनिकमध्ये सुमारे ४ लाख लोक हातात दिवे घेऊन परकीयद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उभे राहिले. त्याच दिवशी जर्मनीतल्या प्रमुख पक्षांनी आश्रयाच्या हक्कावर कात्री चालवण्याचा समझोता केला. नाझींनी हाकललेल्या माणसांना इतर देशांनी दारं बंद केली होती. ती आठवण ताजी असताना, १९४९ मध्ये, राजकीय छळ सोसणाऱ्या कुणालाही आश्रय मिळेल असं कलम राज्यघटनेत घातलं गेलं होतं. १९९२ मध्ये आश्रयाचे अर्ज ४ लाख ३८ हजारांवर गेले, हे खरं. युगोस्लाव्हिया फुटत होता, युद्ध चालू होतं. पण दोन वर्षं वृत्तपत्रांनी आणि नेत्यांनी ‘नाव भरली आहे’, ‘लोंढा’, ‘पूर’ असेच शब्द वापरले, आणि माणसांविषयी पाण्यासारखं बोलायची सवय लागली की बांध घालणारा आपोआप शूर ठरतो. २६ मे १९९३ रोजी संसदेने दोन तृतीयांशांहून मोठ्या बहुमताने घटना बदलली.

तीनच दिवसांनी, २९ मेच्या पहाटे, पश्चिमेतल्या झोलिंगेन शहरात एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवण्यात आलं. झोलिंगेन म्हणजे सुऱ्या-कात्र्यांसाठी जगभर नाव असलेलं, खाऊनपिऊन सुखी शहर. पाच जणी मेल्या. त्यांची वयं होती २७, १८, १२, ९ आणि ४. आग लावणारे चौघे होते. सगळ्यांत लहान १६ वर्षांचा, सगळ्यांत मोठा २३ वर्षांचा. संसदेने कुणाला आग लावायला सांगितलं नव्हतं, आणि असा सरळ आरोप करणं अन्यायाचं होईल. परंतु बहुसंख्यांच्या मनात आहे तेच आपण हाताने करतो, असं त्या मुलांना वाटलं असेल, तर ती समजूत त्यांनी हवेतून आणली नव्हती. समाजाच्या वरच्या मजल्यावर जे सभ्य भाषेत बोललं जातं, ते खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत पेट्रोल झालेलं असतं.

त्या घरात दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावलेल्या मेव्ल्यूदे गेन्च यांनी पुढच्याच दिवसांत सूडाऐवजी सलोख्याचं आवाहन केलं. २०२२ मध्ये वारेपर्यंत त्या तेच सांगत राहिल्या. सरकारने त्यांना पदक दिलं, त्यांच्या नावाने पुरस्कारही सुरू झाला. सगळं गमावलेल्या बाईकडूनच क्षमेची अपेक्षा ठेवणाऱ्या समाजाविषयी मात्र कुणी फारसं बोललं नाही.

झोलिंगेनमध्ये मेलेल्या दोन्ही नाती जर्मनीत जन्मल्या होत्या, पण कागदोपत्री परदेशी होत्या. त्याचं मूळ १९१३ च्या नागरिकत्व कायद्यात आहे. जर्मन आई-बापांचं मूल जर्मन, मग ते कुठेही जन्मो. आणि तुर्की आई-बापांचं मूल तुर्की, मग त्याचं आयुष्य झोलिंगेनच्या शाळेत का जाईना. तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार झाला १९६१ मध्ये. खाणीत, पोलादाच्या भट्टीवर, मोटारींच्या कारखान्यात माणसं हवी होती. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं गेलं, म्हणजे काम झालं की पाहुण्याने निघायचं. १९७३ मध्ये भरती थांबली. अनेक जण परत गेले, अनेकांनी बायका-मुलांना बोलावून घेतलं. पुढची पंचवीस वर्षं, हा स्थलांतरितांचा देश नाही, असं सरकार सांगत राहिलं. तिसरी पिढी शाळेत जात होती तरी! जन्माने नागरिकत्व मिळण्याची सोय २००० साली झाली, तीही अटींसकट. कायदाच एखाद्याला चाळीस वर्षं पाहुणा म्हणत असेल, तर ‘निघा आता’ असं भिंतीवर लिहिणारा स्वतःला कायद्याबाहेरचा कशाला समजेल?

त्याच २००० सालच्या ९ सप्टेंबरला न्युरेम्बर्गमध्ये रस्त्याकडेला फुलं विकणाऱ्या एका तुर्की माणसाला गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्या सहा वर्षांत याच पिस्तुलाने आणखी आठ जण मारले गेले. शिंपी, भाजीवाला, चावीवाला, कबाबवाला, इंटरनेट कॅफे चालवणारा २१ वर्षांचा मुलगा. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. दुकानात शिरायचं, जवळून गोळी घालायची, गल्ल्याला हात न लावता निघून जायचं. शेवटी २००७ मध्ये एका तरुण पोलीस महिलेचाही खून झाला.

या खुनांचा तपास हा माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग आहे. पोलिसांनी विशेष पथकाला नाव दिलं ‘बोस्फोरस’. वृत्तपत्रांनी या हत्यांना ‘ड्योनर-खून’ म्हटलं. ड्योनर म्हणजे तुर्की कबाब. संशय पहिल्यापासून मेलेल्यांवर होता: अमली पदार्थ, जुगार, तुर्की माफिया. फुलं विकणाऱ्याच्या विधवेला पोलिसांनी एका सोनेरी केसांच्या बाईचा फोटो दाखवला आणि ही तुझ्या नवऱ्याची दुसरी बायको, असं सांगितलं. ती थाप होती. बाई बोलती व्हावी म्हणून मारलेली. माफिया खंडणी मागायला येईल या आशेने पोलिसांनी स्वतःच कबाबची टपरी काही महिने चालवली. माफिया काही आला नाही. एका टप्प्यावर तर आत्म्यांशी बोलणाऱ्या माणसाची मदत घेतली गेली. एका गुन्हे विश्लेषकाने, हा परकीयद्वेष्ट्या अतिउजव्याचा उद्योग असू शकतो, असं २००६ मध्येच सुचवलं होतं. वरिष्ठांनी दुसरं मत मागवलं. २००७ च्या त्या दुसऱ्या अहवालाचा आशय असा होता की, आपल्या संस्कृतीत माणूस मारणं हे मोठं पाप मानतात, त्यामुळे खुनी या मूल्यव्यवस्थेबाहेरचा असणार. हे कुठल्या देशात लिहिलं गेलं ते वाचकाने ध्यानात घ्यावं.

मृतांच्या घरच्यांना मात्र काय चाललंय ते कळत होतं. मे २००६ मध्ये कासेल शहरात त्यांनी मोर्चा काढला, दहावा बळी नको अशी घोषणा देत. मोर्चात जवळजवळ सगळे तुर्की वंशाचेच होते. बाकीच्या शहराला तो ‘त्यांच्यातला’ मामला वाटला. २००४ मध्ये कोलोनमधल्या तुर्की दुकानांच्या रस्त्यावर खिळे भरलेला बॉम्ब फुटून २२ जण जखमी झाले, तेव्हाही गृहमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं की, प्राथमिक माहिती दहशतवादाकडे नव्हे, गुन्हेगारी वर्तुळाकडे बोट दाखवते.

उलगडा झाला तो अपघाताने. नोव्हेंबर २०११ मध्ये आयझेनाख इथे बँक लुटल्यानंतर दोन पुरुष आपल्या गाडीत मृत सापडले. त्यांची साथीदार बाई काही दिवसांनी पोलिसांना शरण आली. तिघं येना शहरातली. स्वतःला ‘राष्ट्रीय समाजवादी भूमिगत संघटना’ म्हणवणारी. गुप्तचर खात्याचे पगारी खबरे त्यांच्या अवतीभोवती होते, आणि प्रकरण उघडकीस आल्यावर आठवड्याभरात याच खात्यात संबंधित फायली फाडल्या गेल्या. खात्याच्या प्रमुखाला पुढे पद सोडावं लागलं. चान्सलर अँगेला मर्केल यांनी २०१२ मध्ये कुटुंबांची जाहीर माफी मागितली. ही तिघं होयर्सवेर्डा आणि लिश्टेनहागेनच्या वर्षांत वयात आली होती. तेव्हाच्या टाळ्या त्यांनीही टीव्हीवर ऐकल्या असणार.

२००१ नंतर द्वेषाचं लक्ष्य तेच राहिलं, ओळख बदलली. कालचा ‘तुर्क’ आजचा ‘मुसलमान’ झाला. वंशावरून बोलणं जर्मनीत लाजिरवाणं मानलं जातं. धर्म आणि संस्कृती यांवरून मात्र चारचौघांत बोलता येतं. २०१० मध्ये मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळावरच्या टिलो साराझिन यांनी पुस्तक लिहून मांडलं की मुस्लिम स्थलांतरितांमुळे देश स्वतःला संपवतो आहे. साराझिन तेव्हा सामाजिक लोकशाहीवादी पक्षाचे होते, म्हणजे डावीकडचे. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या बेकारांनी विकत घेतल्या नव्हत्या. समाजशास्त्रज्ञ विल्हेल्म हाइटमायर यांच्या बीलेफेल्डच्या चमूने २००२ पासून दहा वर्षं दरसाल देशाची मनोवृत्ती मोजली. काही माणसांची किंमत कमी असते, ही समजूत सुस्थितीतल्यांमध्येही मूळ धरते, आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर ती तिथे आणखी वाढली, असं त्यांना आढळलं.

साराझिन यांच्या पुस्तकाआधी, १ जुलै २००९ रोजी, ड्रेसडेनच्या न्यायालयात मार्वा एल-शेर्बिनी ही इजिप्शियन औषधतज्ज्ञ साक्ष देत होती. मुलासाठी झोपाळा मोकळा करून दे म्हटल्यावर एका माणसाने बागेत तिला ‘दहशतवादी’ म्हणून शिवीगाळ केली होती, त्याचा खटला. भर न्यायालयात त्याच माणसाने तिला भोसकून मारलं. ती गरोदर होती आणि तिचा छोटा मुलगा तिथेच होता. वाचवायला धावलेल्या नवऱ्यालाही सुरा लागला. वर पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून त्याच्या पायात गोळी घातली. हल्लेखोर कोण आणि बळी कोण, हे ओळखताना पोलिसाच्या डोळ्यांपुढे कोणतं चित्र आधी आलं असेल?

याच ड्रेसडेनमध्ये २०१४ च्या ऑक्टोबरपासून दर सोमवारी पेगिडा नावाच्या चळवळीचे मोर्चे निघू लागले, युरोपचं ‘इस्लामीकरण’ थांबवण्यासाठी. काही हजारांवर गर्दी जमे. ड्रेसडेनच्या झाक्सेन राज्यात मुस्लिमांचं प्रमाण एक टक्कासुद्धा नव्हतं. भीती शेजाऱ्यामुळे वाटत असती, तर ती बर्लिन-कोलोनमध्ये जास्त असायला हवी होती. इस्लामी दहशतवाद हे थोतांड नव्हे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या नाताळबाजारात ट्रक घुसवून माणसं मारली गेली. पण त्या ट्रकचा जाब कोपऱ्यावरच्या न्हाव्याला विचारायचा, हे ठरवणारं डोकं ट्रकच्या आधीपासून तयार होतं.

आणि आपण तर मुसलमान नाही, मग आपल्याला काय, असं पुण्यात जर्मन शिकून तिकडे जाण्याच्या तयारीत असलेल्या कुणाला वाटत असेल, तर त्याने म्यूगेल्न हे नाव लक्षात ठेवावं. झाक्सेनमधलं हे छोटं गाव. ऑगस्ट २००७ मध्ये गावच्या उत्सवात सुमारे पन्नास जणांच्या टोळक्याने आठ भारतीयांचा पाठलाग केला. ते एका पिझ्झाच्या दुकानात लपले, तर टोळक्याने दारं-खिडक्या फोडायला सुरुवात केली. घोषणा होती ‘परकीय, चालते व्हा’. धर्म विचारायला कुणी थांबलं नाही. गावचे नगराध्यक्ष मात्र इथे उजवे अतिरेकी नाहीत असंच म्हणत राहिले. त्याच्या सात वर्षं आधी, भारतीय संगणक अभियंत्यांना परवाने देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा पश्चिमेतल्या एका मोठ्या नेत्याची निवडणूक मोहीम, भारतीयांऐवजी आपली मुलं, अशा यमक जुळवलेल्या वाक्यावर गाजली होती.

१९ फेब्रुवारी २०२० रोजी फ्रँकफर्टजवळच्या हानाउ शहरात एका ४३ वर्षांच्या माणसाने दोन शिशा (हुक्का) बार आणि आसपास मिळून नऊ तरुणांना गोळ्या घातल्या, आणि घरी जाऊन आईला मारून आत्महत्या केली. तो गरीब नव्हता, पूर्वेतला नव्हता. महाविद्यालयात शिकलेला होता, त्याच्याकडे शस्त्रपरवाना होता. त्याला भास होत होते, कुणी गुप्तपणे पाळत ठेवतंय असे, म्हणून अनेकांनी ‘एकटा वेडा’ म्हणून विषय मिटवायचा प्रयत्न केला. भास त्याचे स्वतःचे होते. शिशा बार हा गुन्हेगारांचा अड्डा असतो आणि तिथे बसणारी काळ्या केसांची पोरं आपली नसतात, हे मात्र त्याला त्याच्या भासांनी शिकवलं नव्हतं. एका तरुणाने गाडीने त्याचा पाठलाग केला आणि पोलिसांच्या तातडीच्या क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन केला. फोन लागला नाही, आणि तोही मारला गेला. हा क्रमांक किती तोकड्या व्यवस्थेवर चालत होता, हे नंतर कुटुंबांनी लावून धरल्यामुळे बाहेर आलं.

या हल्ल्यानंतर सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२३ मध्ये अहवाल दिला. देशातला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस मुस्लिमविरोधी विधानांशी सहमत आहे, असं त्यात नोंदवलं आहे. त्याआधी, जून २०२१ मध्ये, फ्रँकफर्ट पोलिसांचं विशेष कारवाई पथक बरखास्त करावं लागलं होतं, कारण त्यातले अधिकारी चॅट ग्रुपवर नाझींची भलामण करणारा मजकूर पाठवत असल्याचा संशय होता. चौकशीत नावं आलेल्यांपैकी तेरा जण १९ फेब्रुवारीच्या त्या रात्री हानाउमध्ये कामगिरीवर होते.